चेकलिस्टमध्ये रकाना नाही

नर्सिंगच्या प्रॅक्टिकल परीक्षा घेता घेता माझी आता एकोणीस वर्षं झाली. शिकवते अमरावतीत, पण परीक्षेच्या मोसमात अकोला, अकोट, कुठे कुठे एसटीनं जाणं होतं. परीक्षा म्हटली की लोकांना पेपर आठवतो. आमची परीक्षा वॉर्डात होते. पलंगावर खरा आजारी माणूस पडलेला असतो, शेजारी गणवेशातली मुलगी घाम पुसत उभी असते, आणि तिच्या मागे हातात चेकलिस्ट घेतलेले आम्ही दोघं. एक त्या कॉलेजचा, त्याला इंटर्नल म्हणायचं. एक बाहेरून आलेला, तो एक्स्टर्नल. मी बहुतेक वेळा एक्स्टर्नल.

आता अशा जागी किस्से साठणारच. एकीनं थर्मामीटर उलटं लावलं, एकीनं व्हायवात हृदयाला पाच कप्पे सांगितले, असले किस्से आम्ही डबा खाताना एकमेकींना सांगतो आणि हसतो. खाली सांगते ते मात्र मी डबा खाताना सांगत नाही. त्यात फजिती होते ती मुलींची नाही, आमची.

*

अकोल्याचं एक खाजगी कॉलेज. मे महिना, म्हणजे ऊन कसं असेल ते सांगायला नको. पहिलंच स्टेशन, म्हणजे परीक्षेचा टप्पा, हात धुण्याचं. तळवे, बोटांच्या मधल्या फटी, नखं, मनगट, प्रत्येक पायरीला मार्क. मी खुर्ची ओढून बसले. पहिल्या मुलीनं नळ सोडला, तर त्यातून नुसती हवा आली.

इंटर्नल मॅडम माझ्या कानाशी वाकल्या. "टँकर यायचाय मॅडम. मुलींना सांगून ठेवलंय, पाणी आहे असं समजून करा."

मग चौदा मुलींनी माझ्यासमोर हवेनं हात धुतले. मनगटापर्यंत, क्रमानं, एकही पायरी न चुकवता. एकीनं तर शेवटी कोरडे हात टॉवेलनं पुसलेही.

पंधरावी बारीक अंगाची, चष्मेवाली पोरगी. तिनं नळ सोडला, पाहिलं आणि बंद केला. म्हणाली, "मॅडम, पाणी नाही."

"आहे असं समज," इंटर्नल म्हणाल्या.

"चार दिवस झाले मॅडम. होस्टेलला नाही, वॉर्डात नाही. काल ड्रेसिंग केल्यावर आम्ही बाटलीत भरून ठेवलेल्या पाण्यानं हात ओले केले, तेही चौघींत एक बाटली. वॉर्डात कोणी समजून घेत नाही, मग इथं काहून समजू?"

इंटर्नल मॅडमनी तिला शून्य दिलं. प्रोसिजर केलीच नाही, म्हणजे शून्य. मी पूर्ण दिले. दोघींची सरासरी निघते, म्हणून तिला अर्धे पडले. हवेत हात धुणाऱ्या चौदा जणींना पूर्ण.

निघताना प्राचार्यांनी रजिस्टर पुढे केलं. "परीक्षा सर्व सोयींसह सुरळीत पार पडली" हे वाक्य आधीच छापलेलं होतं, फक्त सही करायची होती. मी केली.

*

आमच्या स्वतःच्या कॉलेजात शिकवायला एक रबरी बाई आहे. मुली तिला मंदाताई म्हणतात. तिची दोन बोटं तुटलेली आहेत, पण नाकातून नळी घालायला, इंजेक्शन द्यायला चालते.

एका परीक्षेत एक मुलगी मंदाताईजवळ आली. "नमस्कार मंदाताई, मी तुमची नर्स. आता नाकातून नळी घालणार आहे. थोडा त्रास होईल, घाबरू नका. दुखलं तर माझा हात दाबा." इतकं मऊ बोलली की मला वाटलं, आपण आजारी पडलो तर हीच हवी. कम्युनिकेशनचे पूर्ण मार्क दिले.

दुपारी तीच मुलगी वॉर्डात. पलंगावर चिखलदऱ्याकडची एक बाई होती. मुलीनं तिला कुशीवर वळवलं, इंजेक्शन दिलं, कापूस दाबला आणि ट्रे उचलला. बाई विचारत होती, "कायचं इंजेक्शन हाय माय?" ती ट्रे घेऊन दाराकडे निघाली.

बाहेर आल्यावर मी तिला थांबवलं. "सकाळी इतकी छान बोलत होतीस. आता तोंड का शिवलं होतं?"

ती गोंधळली. "मॅडम, वॉर्डाच्या शीटवर कम्युनिकेशनचे मार्क नाहीत."

मी शीट काढून पाहिली. खरंच नव्हते. शीट मीच तयार केली होती.

*

एका सरकारी दवाखान्याच्या मेडिसिन वॉर्डातली गोष्ट. त्या दिवशी पेशंट कमी आणि मुली जास्त होत्या, म्हणून एकेका पेशंटवर दहा-दहा जणींची परीक्षा. आमच्या वाट्याला चांदूर बाजारकडचे एक आजोबा आले. खोकल्यासाठी भरती झालेले, बोलके. सकाळपासून नऊ मुलींनी त्यांचं बीपी घेतलं आणि नऊही जणींनी लिहिलं, एकशे तीस-ऐंशी.

इंटर्नल मॅडम खूश होत्या. "पाहा, किती अचूक शिकवलंय." मला तिथंच खटकायला हवं होतं. दोन माणसांच्या कानाला बीपी तंतोतंत सारखं कधी ऐकू येत नाही, नऊ जणींच्या तर नाहीच. पण सकाळपासून उभी होते, पाय दुखत होते. मी नऊ वेळा बरोबरची खूण केली.

दहावी मुलगी अकोटची. आधी एकदा नापास झालेली, जर्नल अर्धवट, बोलताना अडखळणारी. तिनं पट्टा बांधला, ऐकलं, सोडला. परत बांधला. परत सोडला. तिसऱ्यांदा बांधायला लागली तेव्हा इंटर्नल म्हणाल्या, "वेळ जातोय."

"मॅडम, जास्त येऊन राहिलं."

"किती?"

"दोनशे दहा. खालचं एकशे वीस."

"हिला ऐकायला येत नाही," इंटर्नल मला म्हणाल्या.

आजोबांना पोरीची दया आली. ते हळूच म्हणाले, "बाई, एकशे तीस-ऐंशी लिही ना. साऱ्या पोरीइनं तेच लिवलं. मले बी पाठ झालं."

मी स्टेथो कानाला लावला. दोनशे दहा. खालचं एकशे अठरा. मग धावाधाव झाली, डॉक्टर आले, आजोबांना स्ट्रेचरवर घेतलं. जाता जाता ते म्हणाले, "कालपासून डोकं फुटून राहिलं होतं बाई. पन कोनी इचारलंच नाही."

या सगळ्यात तिची वेळ संपली. केअर प्लॅन लिहायचा राहिला. मी भांडले, तेव्हा कशीबशी काठावर पास झाली. बाकीच्या नऊ जणींना फर्स्ट क्लास.

त्या नऊ जणींना हा आकडा सुचला कुठून, ते मी नंतर शोधलं. त्यांनी तो आजोबांच्या चार्टवरून उतरवला होता. चार्टवर तो भरती झाल्या दिवसापासून होता. रोज, सकाळ-संध्याकाळ, एकाच पेनानं.

*

दीपालीची गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. आज सांगते.

तिची तिसरी खेप होती. व्हायवात मी पोटॅशियमचं इंजेक्शन तिच्या हातात दिलं आणि विचारलं, हे कसं देशील? "सरळ शिरेतून मॅडम, हळूहळू," ती म्हणाली. हे औषध सलाइनमध्ये पातळ करून, थेंब मोजूनच द्यायचं असतं. सरळ शिरेत गेलं तर माणसाचं हृदय तिथल्या तिथं थांबतं. या उत्तरानंतर पास करायचा प्रश्नच नसतो. मी पेन खाली ठेवला.

तिला पाणी प्यायला बाहेर पाठवून इंटर्नल कुंदा माझ्याकडे वळली. ती माझी जुनी मैत्रीण. "वडील नाहीत गं तिला. एका दवाखान्यात नोकरी ठरलीय, निकालाची वाट पाहतेय. आता नापास झाली तर घरचे लग्न लावून मोकळे होतील. तू एकदा परत विचार ना."

मी परत विचारलं. पण कसं विचारलं? "सरळ देशील, की पातळ करून?" आता एवढं म्हटल्यावर कोणीही सांगेल. "पातळ करून," दीपाली म्हणाली. मी पास केलं.

चार वर्षांनी माझ्या धाकट्या भावाचं पोटाचं ऑपरेशन अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यात झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्याजवळ बसले होते. डॉक्टर सांगून गेले होते की पोटॅशियम कमी झालंय, ते सुरू करायचंय. थोड्या वेळानं पडदा सरकला आणि हातात भरलेली सिरिंज घेऊन दीपाली आत आली.

"मॅडम, ओळखलं का? तुमीच पास केलं होतं मले."

ती हसत होती. मी उठले आणि तिचं मनगट पकडलं. विचार करून पकडलं नाही, हात आपोआप गेला. "काय आहे यात? दाखव."

तिनं सिरिंजवरचं लेबल माझ्याकडे फिरवलं. उलटी थांबवायचं औषध होतं. डोस बरोबर, नाव बरोबर, पेशंट बरोबर. मग तिनं दुसऱ्या हातानं पलीकडच्या स्टँडकडे बोट दाखवलं. "पोटॅशियम तिकडं हाय मॅडम. सलाइनमधे टाकलं, पंपावर लावणार हाय. इन्चार्ज सिस्टरनं तपासून सही केली."

मी हात सोडला. तिनं शांतपणे इंजेक्शन दिलं, भावाची नाडी पाहिली, नोंद केली. जाताना पडद्याजवळ थांबली.

"त्या दिवशी तुमी उत्तर माह्या तोंडात घातलं, ते मले तवाच समजलं होतं मॅडम. बाहेर येऊन लय रडली मी. मंग ते पान पाठ होईलोक वाचलं." थोडं थांबून म्हणाली, "पण आज तुमी पेशंटसमोर माहा हात नव्हता धराले पायजे."

भावानं विचारलं, कोण होती गं? मी म्हटलं, माझी विद्यार्थिनी.

*

सोनलच्या परीक्षेत तिला बेड नंबर सात मिळाला होता. एक म्हातारी, सोबत कोणी नाही. सोनल तिच्याकडून माहिती विचारून लिहून घेत होती. म्हातारी एकदोन उत्तरं देऊन गप्प झाली. सोनलनं नाडी धरली, मग गळ्याशी बोटं ठेवून पाहिली आणि पेन टाकून सिस्टरला हाक मारली. डॉक्टर आले. जे करायचं ते त्यांनी केलं. म्हातारी गेली होती.

इंटर्नल मॅडम माणूस म्हणून वाईट नव्हत्या, पण त्यांना संध्याकाळपर्यंत वीस मुली संपवायच्या होत्या. त्या म्हणाल्या, "सोनल, तुला अकरा नंबर देते. चल, वेळ सुरू आहे."

सोनल हलली नाही. "मॅडम, आजीचं कोणी नाही. सिस्टर एकट्या आहेत, त्यांच्याकडे चाळीस पेशंट. ही अशीच पडून राहीन."

"तुझी वेळ जाईल."

"जाऊ द्या."

तिनं पडदा ओढला. डोळे मिटवले, तोंड स्वच्छ केलं, हनुवटीखालून पट्टी बांधली, हातपाय सरळ केले, कोमट पाण्यानं अंग पुसलं. अंग वळवताना हलक्या आवाजात सांगत होती, "आजी, या कुशीवर घेते हं." मग केस विंचरून भांग पाडला. मी पडद्याच्या आत उभी होते. एकोणीस वर्षांत इतकं नीट काम मी परीक्षेत पाहिलं नव्हतं.

अकरा नंबरवर ती पोचली तेव्हा दहा मिनिटं उरली होती.

संध्याकाळी मार्क कॉम्प्युटरवर भरायला बसलो. मी म्हटलं, सोनलनं मृताची काळजी घेतली, ते लिहा, पूर्ण मार्क. मॅडमनी यादी उघडून माझ्यापुढे फिरवली. "यात बसणारं काही नाही मॅडम. जे आहे त्यातलंच निवडावं लागतं. नाहीतर पान पुढे जात नाही." आम्ही दोघींनी यादी खालपर्यंत वाचली. शेवटी बेड बाथ निवडलं.

विद्यापीठाच्या कागदावर त्या दिवशी बेड नंबर सातवर कोणी वारलं नाही. एका पेशंटला अंघोळ घातली गेली, आणि ती समाधानकारक होती.

*

शेवटचा किस्सा गेल्याच वर्षीचा, अकोला जिल्ह्यातला. इंटर्नल एक सर होते. नाव सांगत नाही.

तीनशे बारा नंबरच्या मुलीला एका आजीचं तोंड धुवून दूध पाजायचं होतं. साधं काम. आजी खात्यापित्या शेतकरी घरची, हातात चांदीच्या पाटल्या, उशाशी मुलगा बसलेला.

मुलगी म्हणाली, "आजी, तोंड धुवून देते, मग दूध देते."

"थांब. नाव काय तुहं?"

"आज परीक्षा आहे आजी. नाव सांगायचं नसतं. तीनशे बारा."

"आडनाव तं असन."

"त्याचाही नंबर तीनशे बाराच."

आजूबाजूच्या पलंगांवरचे हसले. आजी हसली नाही. "गाव कोनतं?" मुलीनं गाव सांगितलं. "गावात घर कोन्या बाजूले?"

मुलीच्या हातात कप होता. तिनं तो खाली ठेवला नाही. आजीकडे सरळ बघून म्हणाली, "विहाराच्या बाजूले, आजी. बुद्धविहाराच्या. दूध घेता ना?"

आजीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मुलगा मोबाइलमध्ये बघू लागला. मुलगी पूर्ण एक मिनिट कप धरून उभी होती. मग भिंतीकडूनच आवाज आला, "ठेव तिथं. पोरगा पाजीन."

मुलीनं कप ठेवला, हात धुतले आणि चार्टवर नोंद केली. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. "पेशंटने दूध घेण्यास नकार दिला. कारण: पेशंटने सांगितले नाही." अक्षर जराही हललं नव्हतं.

मार्क द्यायला ऑफिसात बसलो. सर म्हणाले, "तीनशे बाराचे कम्युनिकेशनचे कमी करू मॅडम. पेशंटला पटवता आलं नाही तिला."

मी नाही म्हटलं. तिनं नकार मान्य केला, नोंद केली, आवाज चढवला नाही, अजून काय करायला हवं होतं? सर म्हणाले, उलट उत्तरं दिली. मी म्हटलं, कुठलं उत्तर उलट होतं ते चेकलिस्टवर दाखवा. वीस मिनिटं वाद झाला. शेवटी त्यांनी खांदे उडवले आणि माझा आकडा लिहिला. पूर्णच्या पूर्ण. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, स्वतःचा अभिमानच वाटला.

चहा आला. सर आता मोकळे झाले होते. खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"अमरावतीच्याच."

"तसं नाही. तुमच्या नेमणुकीच्या पत्रावर वानखडे वाचलं, म्हणून विचारतो."

आमच्या वऱ्हाडात वानखडे सगळीकडे सापडतात. मोठ्या शेतकरी घरांत आहेत, आणि आम्हा बौद्धांतही आहेत. आडनावावरून कळत नाही. माझ्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर आजोबांच्या काळापासून आहे. समोर खिडकी होती. खिडकीतून बाहेरचं लिंबाचं झाड दिसत होतं आणि त्याच्याखाली तीनशे बारा नंबर मैत्रिणींसोबत डबा खात होती.

"म्हणजे, आपल्यातलेच वानखडे ना?" सरांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"मला वाटलंच," ते म्हणाले, आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मी एक घेतलं.